काउंटबाई आणि बेसिलची करपलेली टोकं

काउंटबाईंनी एकतीस वर्षं लोकांचं रक्त मोजलं. सुरुवातीची बरीच वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, अंगठ्याने मोजणीची कळ दाबत; पुढे यंत्र आलं तेव्हा यंत्राच्या चुका काढत. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या पलीकडे, जिथे मोबाइलला रेंज नसे आणि नातेवाइकांना धीर नसे, तिथल्या खिडकीतून त्या रिपोर्ट देत. खिडकीपलीकडचा माणूस विचारायचा, काय झालंय हो? बाई सांगायच्या, ते डॉक्टर सांगतील. काय झालंय ते कागदावर बाईंना स्वच्छ दिसत असे, आणि डॉक्टरांना दिसायला अजून दोन दिवस जायचे, असंही कैकदा झालं. तरी उत्तर बदललं नाही. मोजणं आपलं, निदान दुसऱ्याचं, ही वाटणी त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मान्य केली आणि शेवटच्या दिवसापर्यंत मोडली नाही. 'काउंटबाई' हे नाव वॉर्डबॉय मंडळींनी ठेवलेलं. निरोपसमारंभात अधीक्षकांनी भाषणात तेच वापरलं, कारण खरं नाव त्यांना आयत्या वेळी आठवेना.

नवरा जाऊन तोवर पाच वर्षं झाली होती. घरात मुलगा, सून आणि सुनेची कर्तबगारी होती. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला तरी सून म्हणे, "आई, मी देते ना." भाजी निवडायला घेतली तर ताट हातातून काढून घेई. भांडण करायला जागा नव्हती, कारण सगळं मायेपोटी होतं. निवृत्तीनंतरचे चार महिने बाई एका खुर्चीवर सन्मानाने बसून राहिल्या. पाचव्या महिन्यात त्यांनी घरातल्या थर्मामीटरने स्वतःचं तापमान रोज दोन वेळा घेऊन लिहून ठेवायला सुरुवात केली. ताप नव्हता. काम नव्हतं.

या अवस्थेतून त्यांना धाकट्या दिरांनी बाहेर काढलं, अर्थात स्वतःच्या सोयीसाठी. दिरांचा शर्ट शिवण्याचा कारखाना होता, तीन मजली. ऑर्डरी आटल्या तशी शिलाई दोन मजल्यांत मावू लागली आणि वरचा कटिंगचा हॉल रिकामा पडला. दीर आरंभशूर. आधी त्यांनी मेणबत्त्या करून पाहिल्या, मग रंगीत मासे पाळले, मग एका रविवारी फोनवर बिनमातीच्या शेतीचा व्हिडिओ पाहिला आणि सोमवारी प्लंबरला बोलावलं. हॉलमध्ये चार रॅक उभे राहिले. प्रत्येक रॅकवर पांढरे पाइप आडवे, पाइपांना भोकं, भोकांत जाळीच्या कपातली रोपं. खाली दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यातून पंप खताचं पाणी वर चढवणार, ते मुळांना चाटून परत ड्रमात येणार. वर पांढरे दिवे. पीक मुख्यतः बेसिलचं, म्हणजे विलायती तुळशीचं, थोडी कोथिंबिरीसारखी पार्स्ले. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या शेफने नमुना चाखून दर आठवड्याला माल घ्यायचं कबूल केलं, आणि काम रुळावर आल्याबरोबर दिरांचा त्यातला रस संपला. "वहिनी, जरा लक्ष द्याल का?" असं त्यांनी विचारलं. त्या 'जरा'चे आठवड्याला सहा दिवस आणि दिवसाला आठ तास झाले.

हॉलबरोबर बाईंना मास्तरही मिळाले. हे कटिंग मास्तर. सव्वीस वर्षं त्याच हॉलमध्ये त्यांनी शर्टांचं कापड बेतलं होतं. कापड खाली गेलं, मास्तर वरच राहिले, कारण त्यांना खाली या असं कोणी म्हटलं नाही आणि विचारायला ते गेले नाहीत. खताच्या दोन बाटल्या असत, 'अ' आणि 'ब'. त्या ठरल्या मापाने ड्रमात ओतून ढवळायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मापाचा मग डोळ्यांसमोर धरून ते रेघेवर पाणी असं आणत की बाईंच्या मनात त्यांच्याबद्दल पहिल्याच दिवशी आदर निर्माण झाला. तो त्यांनी बोलून दाखवला नाही. मास्तरांनीही अपेक्षा ठेवली नव्हती.

बाईंनी आल्या आल्या सुधारणा केल्या. प्रयोगशाळेत वाढलेला माणूस धूळ बघू शकत नाही. त्यांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. चपला दाराबाहेर गेल्या. कटिंगचं मोठं टेबल सरकवून हॉलच्या मधोमध घेतलं, त्यावर लांबरुंद वही ठेवली, आणि सकाळी दहा व दुपारी चार या वेळांना पाण्याचं तापमान, आम्लता आणि क्षारांचा आकडा लिहायला सुरुवात केली. क्षार मोजायला पेनाएवढं मीटर होतं. ते पाण्यात बुडवलं की दीड ते पावणेदोनच्या दरम्यान आकडा यायचा, आणि तसाच यायला हवा होता. हॉलच्या दोन टोकांना दोन मोठे उभे पंखे घरघरत असत. त्यांच्या वाऱ्याने वहीचे कागद फडफडायचे आणि एका हाताने कागद धरून दुसऱ्याने मीटर वाचावं लागायचं. बाईंनी पंखे बंद केले. हॉल शांत झाला, वही स्थिर झाली, आकडे सुवाच्य झाले. अशी नीटनेटकी जागा बाईंना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. घरी सून विचारी, "दमलात का?" आणि बाई खरं सांगून टाकत, "हो." त्यात त्यांना काय समाधान होतं ते सुनेला कळण्यासारखं नव्हतं.

मग पानांची टोकं करपू लागली.

आधी चौथ्या रॅकवर, अगदी आतल्या कोपऱ्यात, तीन रोपांवर. टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी डाग. दोन दिवसांत तो कडेने पसरून पान चिमटीत धरल्यासारखं आखडलेलं. नंतर तिसऱ्या रॅकवर, दुसऱ्यावर. दाराजवळचा पहिला रॅक बराचसा वाचला होता. शेफनी एक खोकं परत पाठवलं, पुढच्या आठवड्यात तीन. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला. आवाज मऊ, माणूस मुद्द्याचा. म्हणाले, "बाई, पानाचं टोक काळं दिसलं की पाहुण्याला वाटतं मी जाळलंय." महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते स्वतः हॉल बघायला येणार होते. माल स्वच्छ दिसला तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय, हेही त्यांनी त्याच मऊ आवाजात सांगितलं.

दिरांना या बातमीचं फारसं दुःख झालं नाही. समोरच्या गल्लीतला गादीवाला गोदामासाठी जागा शोधत होता आणि हॉलवर त्याचा डोळा होता. दिरांनी त्याला त्याच शनिवारी पक्कं सांगतो म्हटलं. बाईंना म्हणाले, "ताण घेऊ नका वहिनी. नाही जमलं तर नाही. तुमचं काय, तुम्ही घरी आराम करा." बाईंना ती खुर्ची आठवली.

रोग दिसला की निदान करणारे आपोआप जमतात, हा अनुभव बाईंना हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधला होता. दिरांच्या मते पालिकेचं पाणी वाईट. सुनेच्या मते झाडांना पाणी जास्त होत असावं. चोवीस तास पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या झाडांबद्दल ही शंका तर्काला सोडून नव्हती. खत विकणारा दुकानदार फोनवरच, पान न बघता, छातीठोकपणे म्हणाला की हे कॅल्शियम कमी पडतंय, आणि एक डबा पाठवून दिला. पुढे कळलं त्याप्रमाणे या सर्वांत दुकानदाराचंच बरोबर होतं. पण त्याच्या डब्याचा काही उपयोग झाला नाही. बाईंनी आठवडाभर कॅल्शियम वाढवलं, क्षारांचा आकडा दोनच्या वर गेला, आणि टोकं आधीपेक्षा जोमाने करपली. त्यांनी ड्रम रिकामा करून पाणी पुन्हा पहिल्या आकड्यावर आणलं. आकडा निर्दोष. आम्लता निर्दोष. तापमान निर्दोष. मोजलेलं सगळं बरोबर होतं आणि झाड आजारी होतं.

अशा वेळी बाईंना मास्तरांच्या मगाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला.

खताच्या बाटल्यांबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की 'अ' आणि 'ब' पाण्याशिवाय एकमेकांत मिसळू नयेत; मिसळल्यास कॅल्शियम पांढऱ्या भुकटीसारखं तळाशी बसतं आणि झाडाला मिळत नाही. बाईंनी तो मापाचा मग उजेडात धरला. गाळ पांढरा होता. त्यांनी वहीत लिहिलं, 'मास्तरांकडून मिश्रणात चूक. गाळ आढळला.' मास्तरांना एवढंच सांगितलं की उद्यापासून मिश्रण मी करीन. मास्तर "बरं" म्हणाले आणि पुठ्ठ्याची खोकी कापायला गेले. आजवर दुपारचा डबा ते त्या टेबलाच्या टोकाशी बसून खात. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात बसून खाऊ लागले. याव्यतिरिक्त त्यांनी कसलाही निषेध नोंदवला नाही.

मग नऊ दिवस बाईंनी स्वतः मिश्रण केलं. आधी 'अ', ढवळणं, दहा मिनिटं थांबणं, मग 'ब'. टोकं करपतच राहिली. आरोपी जिन्यात बसलेला आणि गुन्हा चालूच, ही गोष्ट बाईंच्या ध्यानात आली तेव्हा शेवटच्या शनिवारला अकरा दिवस उरले होते.

त्या दिवशी दहाचं रीडिंग घेऊन त्यांनी वही मिटली आणि प्रत्येक रॅकवरून एकेक अख्खं रोप उपटलं. ओळीने टेबलावर मांडलं. मग चिमट्याने पान न् पान सुटं केलं आणि खालून वर, ज्या क्रमाने देठावर होतं त्या क्रमाने, पांढऱ्या कागदावर लावून ठेवलं: खालची थोराड, मग मधली, मग शेंड्याची कोवळी. आकडा चुकत नाही आणि पेशंट सुधारत नाही तेव्हा नमुना पुन्हा बघायचा असतो, हे त्या प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना शिकवत आल्या होत्या. इथे त्या दोन महिने पाण्याचाच नमुना तपासत होत्या. पेशंट पाणी नव्हतं.

मास्तर खोकी घेऊन टेबलाजवळून चालले होते. टेबलावर लहानमोठे तुकडे मापाने लावून ठेवलेले दिसल्यावर सव्वीस वर्षांची सवय त्यांना पुढे जाऊ देईना. ते थांबले. दोन्ही हात मागे बांधून त्यांनी चारही ओळी नजरेखालून घातल्या.

"खराब माल सगळा लहान मापाचा आहे," ते म्हणाले. "मोठं माप एकही नाही गेलेलं."

बाईंनी बघितलं. खरंच होतं. थोराड पानं चारही रॅकांवर ठणठणीत होती. करपलं होतं ते फक्त कोवळं, शेंड्याच्या झुबक्यातलं. खत जास्त झालं तर आधी जुन्या पानांची टोकं जातात, हे पुस्तिकेत होतं. नवं पान जातं ते त्याला हवं ते पोचत नाही म्हणून. कॅल्शियम एकदा एका पानात बसलं की तिथून हलत नाही. नव्या पानाला नवं लागतं, आणि ते मुळापासून पाण्याबरोबर वर यावं लागतं. ड्रमात कॅल्शियम पुरेसं आहे. मग ते वर का येत नाही?

हे त्या अर्धवट स्वतःशी आणि अर्धवट मास्तरांशी बोलल्या. पाणी वर कशाने चढतं, मास्तरांनी विचारलं. पंप तर पाइपापर्यंतच नेतो. बाई म्हणाल्या, पान हवेत ओल सोडतं, सुकतं, म्हणून खालून ओढून घेतं.

मास्तरांनी चौथ्या रॅकच्या आतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "त्या टोकाला फडकं वाळत नाही बाई. दाराजवळ तासात वाळतं. तिकडे टाकलं तर दुसऱ्या दिवशी पण ओलं असतं."

"कधीपासून?"

"तुम्ही पंखे बंद केले तेव्हापासून."

बाईंनी वही उघडली. मागे जात जात त्या दोन महिन्यांपूर्वीच्या अकरा तारखेपाशी आल्या. त्यांच्याच अक्षरात, सुवाच्य: 'पंखे बंद केले. कागद उडतात, लिहिता येत नाही.' आणि खाली एकोणीस तारखेला, तितक्याच सुवाच्य अक्षरात: 'रॅक ४. टोकं तपकिरी, ३ रोपं.' मध्ये आठ दिवस. म्हणजे रोगाचं कारण, त्याची तारीख आणि पहिला रुग्ण, तिन्हींची नोंद त्यांनी स्वतः वेळच्या वेळी करून ठेवली होती. ती वाचायची तेवढी राहिली होती. दिवे लागलेले, खिडक्यांना चिकटपट्टी, चोवीस तास पाणी वाहतंय आणि हवा जागची हलत नाही. अशा दमट हॉलमध्ये मोठी पानं कशीबशी निभावून नेत होती आणि झुबक्याच्या आतलं कोवळं पान उपाशी राहत होतं. कॅल्शियम वाढवून बाईंनी काय केलं होतं? जेवणघर बंद ठेवून कोठार भरलं होतं.

मग त्यांना मगातला गाळ आठवला आणि त्यांनी तो विचारला.

"खडू असेल," मास्तर म्हणाले. "गजाने ढवळायचो ना मी." त्यांनी कोपऱ्यातला कापड मोजायचा लाकडी गज दाखवला. सव्वीस वर्षं कापडावर खडूने रेघा मारताना आधाराला धरलेला, पांढरा पडलेला. "तुम्ही तपासलं असेल असं वाटलं मला. हॉस्पिटलातल्या तुम्ही."

काउंटबाईंनी ते तपासलं नव्हतं. नुसतं बघितलं होतं.

प्रयोगशाळेत चुकलेला रिपोर्ट खोडत नाहीत आणि फाडतही नाहीत. चुकलेल्या ओळीवर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता येईल. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख. बाईंनी मास्तरांच्या नावाची ओळ काढली, पट्टी लावून रेघ मारली आणि लिहिलं, 'चूक नाही. खडू होता. न तपासता लिहिलं गेलं.' सही केली. 'लिहिलं गेलं' हे त्यांना पुरेसं वाटेना, म्हणून त्यावरही रेघ मारून 'मी लिहिलं' असं केलं आणि पुन्हा सही केली. वही मास्तरांपुढे फिरवून ठेवली. मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मापाचा मग उचलला, नळाखाली घासून धुतला आणि उद्या मिश्रण किती वाजता, एवढंच विचारलं. जाताना त्यांनी भंगारात पडलेली एक कोळशाची जुनी इस्त्री आणून वहीवर ठेवली आणि पंख्याचं बटण दाबलं. वही जागची हलली नाही. दोन महिन्यांचा रोग थांबवायला लागलेली सामग्री एवढीच होती.

संध्याकाळी दीर वर आले तेव्हा पंखे फिरत होते आणि खिडक्यांची चिकटपट्टी निघाली होती. त्यांनी विचारलं, काय झालं होतं नक्की? या वेळी विचारणाऱ्याला पुढे पाठवायला कोणी डॉक्टर नव्हते. बाईंनी सांगितलं. दीर इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग म्हणाले, छान झालं, सुटलो, आता दहा दिवसांत सगळं हिरवंगार.

बाई म्हणाल्या की सगळं नाही. चौथ्या रॅकला पडदा लावणार, आत वारा जाऊ देणार नाही, बारा दिवस. बाकीचे तीन वाऱ्यात. पाणी सगळ्यांना तेच.

"म्हणजे तेवढी मुद्दाम जाळायची?"

"तुलनेसाठी, भाऊजी. एकदा बघून चुकले, आता तपासून सांगणार."

"अहो पण शनिवारी शेफ येणार. त्याला जळकी झाडं दाखवणार?"

"ती नसली तर बाकीची वाऱ्यानेच सुधारली हे त्यांना कळणार कसं?"

"त्याला कळायची गरज काय?"

हा प्रश्न तत्त्वाचा होता. दिरांचं आयुष्य त्याच्या एका बाजूला गेलं होतं आणि बाईंचं दुसऱ्या. शेवटी दिरांनी हात वर केले, पण शेफसमोर बोलणं मी करणार अशी अट घातली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शर्टाच्या उरलेल्या चौकटीच्या कापडाचा पडदा बेतून लावला. चौकटी जुळवून, कारण न जुळवता त्यांना येत नव्हतं.

नवं पान एका दिवसात येत नाही. पहिले चार दिवस काहीच दिसलं नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या रॅकवर, भर वाऱ्यात, दोन करपलेली टोकं सापडली आणि बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सुनेने त्याचा अर्थ दमणूक असा लावून त्यांना दुसऱ्या दिवशी घरी राहायचा आग्रह केला. बाई हॉलवर गेल्याच. मास्तरांनी ती दोन पानं भिंगाखाली धरून सांगितलं की हे डाग जुने आहेत, पान लहान होतं तेव्हा पडलेले, आता पानाबरोबर मोठे झालेत. बेतताना फाटलेलं शिवल्यावर जास्त दिसतं, तसं. बाईंनी तपासलं. पटलं. तरी वहीत त्यांनी फक्त 'जुने डाग?' असं लिहिलं, प्रश्नचिन्हासकट.

सातव्या दिवशी गादीवाला माप घ्यायला आला. टेपचं दुसरं टोक धरायला त्याच्याकडे माणूस नव्हता. "मावशी, जरा धरता का?" असं त्याने बाईंना विचारलं, आणि बाईंनी धरलं. आपल्याच हॉलची लांबी, रुंदी आणि उंची त्यांनी गादीवाल्याला टेप ताठ ओढून मोजू दिली. रुंदी घेताना तो भिंतीपासून चार बोटं अलीकडे थांबला. मास्तरांना ते बघवलं नाही, पण ते गप्प बसले; गोदाम चार बोटं कमी भरणार असेल तर त्यांची हरकत नव्हती. ड्रम इथेच राहणार का, असं गादीवाल्याने विचारलं. बाई म्हणाल्या, शनिवारी कळेल.

शनिवारी अकरा वाजता शेफ आले. अंगाने मोठे, चालणं मांजराचं. दिरांनी पांढरा शर्ट घातला होता आणि बाईंना आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं की तुम्ही फक्त हो म्हणा. त्यांनी पहिल्या रॅकपाशी सुरुवात केली: पाण्याचा दर्जा, परदेशी तंत्र, एक नवं औषध. शेफनी सगळं ऐकून घेतलं, तीन रॅकांवरचे शेंडे बोटांनी उघडून आत बघितले, एक पान तोडून चुरगाळलं, हुंगलं. कोवळी पानं टोकापर्यंत हिरवी होती. मग त्यांची नजर पडद्याकडे गेली. याच्यामागे काय, त्यांनी विचारलं. दीर म्हणाले, ते जरा स्टोअर आहे. शेफनी पडदा बाजूला केला.

आतली रोपं बघून त्यांचा चेहरा पडला, आणि दिरांचा त्याहून.

"पाणी याला पण तेच," बाई म्हणाल्या. "वारा नाही, म्हणून जळलं. तुमचा दोन महिन्यांचा माल असाच गेला. पंखे मी बंद केले होते."

दीर छताकडे बघू लागले.

शेफनी पडद्याआडचं एक पान तोडलं, बाहेरचं एक तोडलं, दोन्ही तळहातावर शेजारी ठेवली आणि हात खिडकीकडे नेला.

"माझ्या किचनमध्ये चौदा माणसं आहेत," ते म्हणाले. "काही जळलं आणि कोणी जाळलं असं विचारलं, की चौदाच्या चौदा छताकडे बघतात."

दिरांनी मान खाली घेतली.

सोमवारपासून तीन रॅकांचा माल पाठवा, असं शेफनी सांगितलं. खोकी आधीपेक्षा बुटकी हवीत, वरची पानं दबतात. चौथ्याचं तुम्ही ठरवा. पुन्हा असं काही झालं तर मला आधी तुमचा फोन यायला हवा, नंतर खोकं. हे ते दिरांना सोडून बाईंना बोलले. जिना उतरताना त्यांनी पडद्याच्या चौकटी कोणी जुळवल्या तेही विचारलं.

दिरांनी तिथूनच गादीवाल्याला फोन लावला. हॉल मोकळा होत नाहीये, असं सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाले, वहिनींचं काम चालतं तिथे. हे वाक्य त्यांनी आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. फोन ठेवून ते थोडा वेळ रॅकांमधून हिंडले, एक पान तोडून खाल्लं, आणि मग, झालं गेलं विसरून जाऊ अशा मोकळेपणाने, पडद्याला हात घातला.

"आता काढू या ना हे?"

"अजून दोन दिवस आहेत," काउंटबाई म्हणाल्या. "बारा ठरलेत."

दिरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर टेबलाशी पुठ्ठा पसरून बसले होते आणि बुटक्या खोक्याचं माप आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.